पन्नास हजार जिवंत जिरे

बाबांचं तळं मी एकटीच्या हिमतीवर चालवून दाखवणार होते! बाबांना जाऊन महिना झाला होता. तळ्यातले मासे दर मंगळवारी शाळेच्या जेवणात जात. कित्येक मुलांच्या पोटात आठवड्यातून तेवढंच काय ते सकस पडे. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षीही धरून चालू ना?" मी म्हणाले, "अर्थात!" मत्स्यशेतीवरची सात पुस्तकं वाचून झाली होती. आता कोण अडवणार?

नुकत्याच जन्मलेल्या माशांना या धंद्यात जिरे म्हणतात, कारण ते दिसतात तेवढेच. बाबांच्या फोनमध्ये माणसांची नव्हे, मालाची नावं असत. दूध, गॅस, जाळं. त्यात 'जिरे' सापडलं. लावला फोन!

"पन्नास हजार जिरे हवेत."

"पन्नास हजारांचे?"

"नाही हो, नग!"

"ताई, आम्ही किलोवर देतो."

"किलोवर? मग मेलेले किती ते कसं कळणार? मला सगळे जिवंत हवेत!"

"जिरे... जिवंत?"

"आणि पिशवीत प्राणवायू भरा. मागे बाबांचे निम्मे वाटेतच गुदमरले होते."

"ताई," आवाज एकदम मऊ झाला, "घरात कोणी मोठं माणूस आहे का?"

तासाभरात मामा दारात हजर, सोबत डॉक्टर! मामा जन्मात तळ्याकडे फिरकला नव्हता. दोघांनी मला लोणच्याच्या बरणीसारखं अलगद खुर्चीत ठेवलं.

"जिरे आल्यावर काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

"पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवणार. एकदम सोडलं तर दचकतात."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "बोलतात का ते तुमच्याशी?"

"जिरे? वेड लागलंय का तुम्हाला?"

मामाने डोळे पुसले. "दुकानदार म्हणाला तेच खरं. बाप गेला आणि एक टिपूस काढलं नाहीस गं! मग असं होतं."

टिपूस काढलं नव्हतं, हे खरंच होतं.

"कुठला दुकानदार?" आई आतून आली. फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, हा किराणावाला! मासेवाल्यांचा नंबर 'पिशवी' नावाने आहे." तिने स्वतःच फोन लावला. "तीन हजार बोटुकली पाठवा, बोटाएवढी झालेली. छे, जिरे नकोत. तळ्यात मोठे मासे आहेत, दोन दिवसांत फस्त करतील."

म्हणजे मी मोठ्या माशांना मेजवानी घालणार होते, आणि शाळेच्या हाती रिकामी ताटं!

"तुला कसं माहीत हे सगळं?"

"जाळ्याला दोन टोकं असतात. तीस वर्षं दुसरं टोक कोण धरत होतं?"

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाली. "तू वाचत होतीस."