श्रवणयंत्र क्रमांक ४१७ ची रजा

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९५९, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या गोल बागेतला, सिमेंटच्या छत्रीखालचा सार्वजनिक रेडिओ बंद पडला. तांदळाचे भाव सांगता सांगता त्याने शिंकल्यासारखा एक आवाज केला, आणि भाव अर्ध्यावर टाकून तो गप्प झाला. आठवडाभर पाऊस होता. पेटीत पाणी शिरलं होतं. बाकांवरचे साठ-सत्तर श्रोते त्यानंतरही वीस मिनिटं बसून राहिले. आसपासच्या मॅन्शनांत खोलीत चौघं अशा हिशेबाने राहणारे ते अविवाहित कारकून. लवकर परत जावं असं तिथे काही नव्हतं.

बाग पूर्व विभाग उद्यान व करमणूक मंडळाची. मंडळाच्या नियमानुसार जिथे रेडिओ चालू, ती बाग पहिल्या वर्गाची. रेडिओ सलग तीन दिवस बंद राहिला की बाग दुसऱ्या वर्गात जाते. पहिल्या वर्गाच्या बागेला अधीक्षक असतो, दुसऱ्या वर्गाच्या बागेला मुकादम पुरतो. गोल बागेचे अधीक्षक कृष्णस्वामी हे नियम पाठ असलेले गृहस्थ होते. बुधवारी सकाळी त्यांनी तुळजाजीरावांना बोलावून घेतलं.

तुळजाजीराव मंडळाची 'उद्यानवार्ता' ही मासिक पत्रिका लिहीत. कोणत्या बागेत किती कण्हेरी लागल्या, कोणता झोपाळा रंगवला, कोणत्या कारंज्याचं उद्घाटन पाण्याअभावी पुढे गेलं, हे सगळं एकवीस वर्षं त्यांनी सारख्याच समाधानाने लिहिलं होतं. मूळचे तंजावरकडचे. आजोबा, पणजोबा कीर्तनकार. देवळाच्या बाहेरच्या ओसरीपर्यंत पोचणारा आवाज घराण्यात होता आणि तो तुळजाजीरावांपर्यंतही पोचला होता, फक्त कचेरीत त्याचा उपयोग नव्हता.

"राव, तुमचा आवाज मोठा आहे," कृष्णस्वामी म्हणाले.

"आजोबांचा होता, सार. माझ्याकडे उरलासुरला."

"उरलासुरला पुरे. संध्याकाळचं वर्तमानपत्र घ्यायचं, रेडिओच्या छत्रीखाली उभं राहायचं आणि वाचायचं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"नवा रेडिओ मागवलाय ना, सार?"

"नवा मागवायचा तर जुना बंद आहे असं लिहावं लागेल," कृष्णस्वामी शांतपणे म्हणाले. "तेच तर टाळायचं आहे."

त्या संध्याकाळी तुळजाजीराव छत्रीखाली उभे राहिले. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी राखणदार सुब्बाला म्हणालं, "सुब्बा, जरा मोठा कर." सुब्बाने तुळजाजीरावांना खूण केली आणि ते मोठे झाले.

मंडळाच्या कागदांत रेडिओला श्रवणयंत्र म्हणत. महिन्याच्या अहवालात 'श्रवणयंत्र चालू आहे काय?' या प्रश्नापुढे कृष्णस्वामींनी 'आहे' लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. उलट गर्दी वाढली. नेलोरकडच्या पुराची बातमी तुळजाजीरावांनी आजोबांच्या चालीवर अशी उचलली की दोन कारकून रडले. दुसऱ्या दिवशी त्याच चालीवर वांग्यांचे भाव आले, तेव्हाही तेच दोघे रडले. डिसेंबरच्या 'उद्यानवार्ते'त तुळजाजीरावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'गोल बागेतील श्रवणयंत्राचा आवाज सुधारला असून नागरिकांत समाधान आहे.' लिहिताना त्यांना थोडा अभिमान वाटला. इथे ते चुकले.

कारण अंक वाचून भांडारपाल गुरुमूर्ती तपासणीला आले. मंडळाची प्रत्येक वस्तू नोंदीप्रमाणे जागेवर आहे की नाही, हे पाहणं त्यांचं काम. त्यांनी पाण्याने फुगलेली लाकडी पेटी पाहिली, मग छत्रीखालचे तुळजाजीराव पाहिले, मग नोंदवही पाहिली.

"नोंदीत आहे: छत्रीखाली, चालू स्थितीत, श्रवणयंत्र एक, क्रमांक ४१७. छत्रीखाली चालू स्थितीत काय आहे?"

"मी आहे, सार," तुळजाजीराव म्हणाले.

"मग अडचण कुठे आहे?"

"सार, मी माणूस आहे."

"नोंदीत 'माणूस नसावा' असं कुठे आहे?" गुरुमूर्तींनी वही पुढे केली. तसं कुठेच नव्हतं. "पेटी चालत नाही, म्हणजे ती ४१७ नव्हे. तुम्ही चालता. मी तुम्हाला वस्तू करत नाही, राव. मी फक्त नोंद जुळवतो."

नोंद जुळली. तुळजाजीरावांच्या कोटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ४१७ लिहिण्यात आलं. एकच गोष्ट हजेरीपटावर आणि वस्तूंच्या यादीत दोन्हीकडे राहू शकत नाही, म्हणून हजेरीपटावरचं त्यांचं नाव कमी झालं. देखभालीच्या सदरातून त्यांना रोज साडेपाचला पेलाभर मिरीचा काढा मंजूर झाला. जुनी पेटी कशातच नव्हती, तेव्हा सुब्बा तिच्यात डबा ठेवू लागला.

इथवर सगळं निभलं असतं. पण पोंगल सरला आणि तुळजाजीरावांच्या मुलीचं, विद्युल्लतेचं, लग्न ठरलं. स्थळ कुंभकोणमचं, तिथल्याच शाळेत शिक्षक असलेला मुलगा. मुहूर्त सोमवार, १ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. तुळजाजीरावांनी चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला.

"रजा?" कृष्णस्वामींनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला. "रजा हजेरीपटावरच्या माणसाला असते, राव."

"मुलीचं लग्न आहे, सार. एकुलती एक."

"अभिनंदन. मी आहेर पाठवीन. पण रजा कशी देणार? वस्तू फार तर बंद ठेवता येते."

"मग बंद ठेवा."

"नादुरुस्त असेल तर ठेवतो. दुरुस्तीला गोदामात जावं लागेल. तीन महिने लागतात, बाहेरून कुलूप असतं."

"आणि मी तसाच निघून गेलो तर?"

कृष्णस्वामी खरोखर कळवळले. "असं करू नका, राव. मला चोरीची खबर द्यावी लागेल. वस्तू ज्याच्याबरोबर सापडेल त्याला पोलीस धरतात. तुम्ही गाडीत कोणाशेजारी बसणार?"

घरी सईबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या वळवट्या वळत होत्या. हात थांबला नाही.

"म्हणजे चोर मी?"

"नियम तसा आहे."

"अय्यो! बावीस वर्षं तुम्हाला घरात ठेवलं तेव्हा खबर नाही दिली कुणी! आणि कन्यादान कोण करणार? ती छत्री?"

"सार म्हणतात, मार्ग निघेल."

"तुमच्या सारांना सांगा, मुलगी वस्तू नव्हे. मुहूर्त टळला तर पुन्हा रंगवून आणता येत नाही."

मार्ग निघाला. त्या वर्षी सगळीकडे लोकसहभागाची हवा होती. विहीर खणायची तरी सभा आणि बुजवायची तरी सभा. मंडळाने ठरवलं की श्रवणयंत्र चार दिवस बंद ठेवायचं तर ते ज्यांचं आहे त्या जनतेला विचारलं पाहिजे. सूचना तयार झाली. सुब्बाच्या डब्याशेजारी चिठ्ठ्यांची पेटी ठेवली गेली. सूचनेच्या शेवटी एक कलम होतं: 'जे नागरिक काहीच कळवणार नाहीत त्यांची हरकत आहे असे धरले जाईल.'

"गप्प बसणाऱ्याची संमती धरतात ना, सार?" तुळजाजीरावांनी विचारलं.

"दुसरीकडे धरत असतील. रेडिओच्या बाबतीत गप्प बसलेला माणूस ऐकत असतो," कृष्णस्वामी म्हणाले. "आणि जो ऐकतो आहे त्याला तो बंद कसा चालेल?"

तुळजाजीरावांनी सूचनेच्या कागदाची घडी करून ती खिशात ठेवली.

बागेतली प्रत्येक सूचना रेडिओवरून वाचून दाखवावी, असा नियम होता. सोमवारी, २५ जानेवारीला साडेपाचला तुळजाजीरावांनी काढा घेतला आणि सहा वाजता स्वतःची सूचना वाचायला घेतली. दोनशेच्या वर माणसं होती. 'श्रवणयंत्र क्रमांक ४१७ हे शनिवार दिनांक ३० पासून चार दिवस बंद ठेवण्याचा प्रस्ताव असून...' इथपर्यंत आवाज सरळ होता. मग त्यांनी कागद खाली घेतला.

"मुलीचं लग्न आहे हो," ते म्हणाले. "चारच दिवस. मी परत येतो."

ज्यांनी पुराला आणि वांग्यांना टिपं गाळली होती ते दोघे पहिल्या बाकावरच होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मध्येच दुसरं स्टेशन लागलं," एक म्हणाला.

"दमट हवेने होतं तसं," दुसरा म्हणाला. "सुब्बा, बघ जरा!"

सुब्बा छत्रीखाली आला. त्याने तुळजाजीरावांच्या हातातला कागद सरळ केला आणि हळूच म्हणाला, "वाचा, अय्या. लोक बघतायत." तुळजाजीरावांनी सूचना शेवटच्या कलमासह पूर्ण वाचली. मग हवामान वाचलं. हवामान संपल्यावर टाळ्या पडल्या.

शुक्रवार, २९ जानेवारी, सायंकाळी पाच. गुरुमूर्तींनी सर्वांसमक्ष चिठ्ठ्यांची पेटी उघडली. लेखी हरकती अकरा. त्यांतल्या तिघांनी लग्नाबद्दल आनंद व्यक्त करून यजमानांनी तारीख बदलावी असं सुचवलं होतं. लेखी संमती दोन. एक सईबाईंची, त्या वस्तूच्या ताब्याशी संबंधित असल्याने ती बाद झाली. दुसरी सुब्बाची, अंगठा उठवलेली. तो मंडळाचाच नोकर असल्याने तीही गेली.

काहीच न कळवणारे किती, हे मात्र त्या संध्याकाळी नक्की होऊ शकलं नाही. बागेत बसलेल्यांची मोजणी पुरी झाली आहे. परंतु हकीकत बागेबाहेरही गेली असल्याने, जिथे जिथे ती कोणी शेवटपर्यंत ऐकली किंवा वाचली, मजेत हसला आणि गप्प राहिला, त्या प्रत्येकाची हरकत धरावी, असा खुलासा मंडळाने केला आहे. कुंभकोणमची गाडी रविवारी सकाळी आहे. हे लिहीपर्यंत मोजणी चालू होती, आणि आकडा वाढत होता.