खाण्यास योग्य चेहरा

माझ्या नातीला, अपेक्षाला, फीट येते. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तिचे आईबाप तळेगावला कंपनीत जातात. माझी बायको राजेश्वरी होती तोवर गोळी तीच द्यायची. ती गेली आणि पोर गोळी थुंकायला लागली.

लोणावळ्याच्या एका दवाखान्यात ‘बालस्नेही औषध कक्ष’ निघाला होता. तिथलं यंत्र मुलाच्या वजनाप्रमाणे डोस मोजतं आणि त्याला आवडेल त्या आकाराची, त्या चवीची गोळी छापून देतं. यंत्रावरच्या चैतालीताईंनी अपेक्षालाच विचारलं. तिनं ससा सांगितला.

घरी येऊन तिनं सशांना नावं दिली, त्यांना काडेपेटीत झोपवलं आणि एकही खाल्ला नाही.

“आबा, ह्यो सोन्या हाय. सोन्याला कोण खातं व्हय?”

मला झोप लागली नाही. सकाळीच परत लोणावळा गाठलं. ताईंनी संगणकात ‘आवड प्रमाणाबाहेर’ अशी नोंद केली आणि नावडती वस्तू छापली. दोडका. अपेक्षानं तोंड घट्ट मिटलं.

“नावडतं मुलं खात नाहीत, असं दिसतंय,” ताई म्हणाल्या आणि तेही नोंदवलं.

म्हणजे आकार ओळखीचा हवा, पण चावताना वाईट वाटायला नको.

“आजीचा चेहरा करू या का? गोळी त्याच द्यायच्या ना?” ताईंनी विचारलं.

“आजीला न्हाई खानार,” अपेक्षा म्हणाली. मीही नको म्हणालो.

“मग कोण चालेल?”

तिनं मला नीट न्याहाळलं. “आबा चालत्याल.”

“अगं, मी काय केलंय?”

“सारखं गोळी खा, गोळी खा करता.”

कक्षानं माझं आधार कार्ड तपासलं, खाल्ला जाण्यास माझी हरकत नसल्याचं लिहून घेतलं आणि टोपी काढायला लावून फोटो काढला. आता पोर रोज सकाळी आधी माझ्या मिशा खाते, मग डोकं. फीट आलेली नाही. मध्यंतरी वजन वाढलं म्हणून डोस वाढवला, तर मला गाल आले.

ही बातमी कामशेतपर्यंत गेली. आता कक्षात मुलाला एकट्याला आत घेतात आणि कोण खायला आवडेल ते विचारतात. आईबाप बाहेर बाकावर बसून एकमेकांकडं बघत असतात. आतापर्यंत बरेच मास्तर, एक मामा आणि पुष्कळ आया मंजूर झाल्या आहेत.

तुमच्या घरातलं पोर अलीकडं तुमच्याकडं टक लावून बघत असेल, तर लगेच जवळ घेऊ नका. त्याला औषध चालू झालंय का, ते आधी विचारा.