सभा सात मिनिटं लेट

"सभा नऊला निघायची, ती नऊ सातला निघाली. कारण, अध्यक्षांचं भजं."

घाडगेकाकांनी हे भर सभेत वाचून दाखवलं. अध्यक्ष मी होते. भजं एकच होतं, पण ते त्यांनी पाहिलं होतं.

आमचं कराडचं भाषण मंडळ दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरतं. शेवटी एकानं उठून आजची सभा कशी चालली ते सांगायचं, अशी पद्धत आहे. हे काम कुणालाच नको असतं, कारण त्यात वाईटपणा येतो. काकांना मात्र ते मनापासून आवडतं. तीस वर्षं ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. आता गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून आम्हाला वेळेवर सोडतात.

भाषाही स्टँडवरचीच. पाहुणे आले नाहीत की "फेरी रद्द". कुणी विषय सोडून भरकटलं की "गाडी मसूरला जायची, ती उंडाळ्याला गेली." एकदा आमचे डॉक्टर आईवर बोलताना गहिवरले, तर काका म्हणाले, "डॉक्टर रडले झ्याक, पर खिडकीकडं तोंड करून. मागच्या बाकावर कायबी दिसलं न्हाई." डॉक्टर पुढचे तीन रविवार फिरकले नाहीत.

स्वतः काका मात्र कधी भाषण करत नसत. चार वर्षांत एकदाही नाही. वक्त्यांच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं की पुढच्या रविवारी ते खोडलेलं असायचं. मला भारी राग यायचा. काठावर बसून दुसऱ्याच्या चुका काढायला काय जातंय, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

मग सुनंदाताईंचं पहिलं भाषण आलं. त्या रहिमतपूरच्या, शिवणकाम करतात. दोन वाक्यं झाली आणि त्या गप्पच झाल्या. हातातला रुमाल पिळत नुसत्या उभ्या. मला बघवेना. टाळ्या वाजवल्या तर बिचारीची सुटका होईल, म्हणून मी हात उचलले. मागून काका दरडावले, "मॅडम, हात खाली!"

बराच वेळ कुणी हललं नाही. मग सुनंदाताई पुन्हा बोलू लागल्या आणि शेवटपर्यंत बोलल्या.

अहवालात काकांनी वाचलं, "ताई मधी थांबल्या, ते म्या वेळंत धरलं न्हाई. घाटात गाडी इंजिन गार करायला थांबती. तिला कुनी लेट म्हनत न्हाई."

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, मी चांगल्या मनानंच टाळ्या वाजवत होते."

"व्हय की. म्या रिटायर झालो, तवा निरोपाला बी समद्यांनी चांगल्या मनानंच वाजवल्या." ते हातातला कप फिरवत राहिले. "तीस वर्सं माईकवर गाड्या पुकारल्या, पर केबिनीत बसून. त्या दिवशी समोर मानसं बघितली आन् आवाजच फुटंना. दोन मिन्टं थांबली असती, तर बोललो असतो. आमच्या हिच्याबद्दल बोलायचं हुतं. ही पुढंच बसली हुती. टाळ्या वाजल्या, हार पडला, खाली बसलो."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी वक्त्यांची यादी त्यांच्यापुढे केली. त्यांनी तिच्यावर स्वतःच्या हातानं नाव घातलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या पत्नी, शालनकाकू, पहिल्या रांगेत येऊन बसल्या. काका उभे राहिले, खाकरले आणि थांबले. डॉक्टरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मीही तेच केलं. हॉलमध्ये एक टाळी वाजली नाही.

"ही माझी बायकू, शालन," शेवटी आवाज आला. "तीस वर्सं पहाटं चारला उठून हिनं मला डबा दिला. म्या कवा काय बोललो न्हाई. ते बोलायचं ऱ्हायलं हुतं."

शालनकाकूंनी पदरानं नाक पुसलं. "आवं, मला ठावं हाय ते. बसा आता."

पण काका बसायला तयार नव्हते. त्यांना अजून बोलायचं होतं.