नानांचा ऊन ऊन फेस

सकाळी सात ते सात वीस या वेळात नानांच्या घरातला पंखा बंद असतो, खिडक्या बंद असतात आणि त्यांच्या बायकोचं, अक्कांचं तोंडही बहुतेक बंद असतं. या वीस मिनिटांत नाना दाढी करतात. त्या वेळात दार उघडलं तर गार हवा आत येते, आणि गार हवा आली की फेस निवतो. म्हणून दूधवाला सातच्या आत येतो, नाहीतर साडेसातला.

मी देवपुरात त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. कॉलेजात शिकवतो म्हणून वयानं निम्मा असूनही ते मला सर म्हणतात. सकाळी पेपर वाचायला मी खाली येतो, पण सातच्या आधी येऊन बसावं लागतं आणि पानं उलटताना वारा होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

नाना एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीच्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, नाना, काय देऊ? नानांनी प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर मागून घेतला. तो आता आरशाशेजारी खिळ्याला लटकतो. त्याच्या खाली त्यांची दुहेरी वाटी. ती सोनगीरच्या एका तांबटाकडून त्यांनी मुद्दाम घडवून घेतली. पितळेच्या दोन वाट्या एकात एक बसवलेल्या, मधल्या पोकळीत कढत पाणी ओतायचं, वरून बूच लावायचं आणि आतल्या वाटीत ब्रशनं फेस करायचा. पहिल्या दोन वाट्या गळक्या निघाल्या. तिसऱ्या वेळी तांबटानं विचारलं, "नाना, यात औषध उकळाचं शे का?" नाना म्हणाले, "दाढी शे." तिसरी वाटी मात्र गळली नाही.

"बेचाळीसच्या खाली गेला तर ती दाढी नाही सर, ती खरवड," असं ते मला पहिल्याच आठवड्यात सांगून चुकले. "पारा उतरला" हा त्यांचा आवडता शब्द. चहा निवला की पारा उतरला, पाहुणा कंटाळला की पारा उतरला, जावयाचे फोन कमी झाले की तिथलाही पारा उतरला.

मागच्या वर्षी शेजारच्या घरात गॅसचं सिलिंडर गळायला लागलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. सगळी गल्ली रस्त्यावर आली, कोणी लेकरं उचलली, कोणी दागिन्यांचा डबा. अक्का धावत बाहेर आल्या, पण नाना दिसेनात. कोणीतरी ओरडलं, आत राहिले म्हणून. मी दाराकडे धावलो, तर नाना पंच्यात गुंडाळलेली वाटी छातीशी धरून सावकाश बाहेर येत होते. अर्धं तोंड पांढरं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माझी कार उभी होती. तिच्या आरशात बघून त्यांनी उरलेली दाढी केली. अग्निशामक दलाचा माणूस त्यांना मागे सरकायला सांगत होता आणि ते डाव्या हातानं त्यालाच थांबायची खूण करत होते.

त्या दिवशी अक्का माझ्यापाशी हसत हसत रडल्या. म्हणाल्या, "या ऊन पान्यापायी सख्खा भाऊ तुटला सर, आणि याले अजून ऊन पानीच जोयजे."

भाऊ तुटूनही ऊन पाणी पाहिजेच, हे मला उलगडेना. मग त्यांनी सांगितलं. नानांचे थोरले भाऊ आबा, शिरपूरजवळच्या गावी शेती करतात. अकरा वर्षांपूर्वी यांचे वडील गेले. दहाव्याला तापीच्या काठी मुंडण होतं. पौषातली थंडी, वारा सुटलेला. आबा उघड्या अंगानं दगडावर बसले, न्हाव्यानं नदीच्या पाण्यात वाटी बुडवली, तेवढ्यात नाना मध्ये पडले आणि म्हणाले, थांबा, पाणी तापवू. सगळे भाऊबंद बघायला लागले. आबा उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले, "बाप गया, आन याले ऊन पानी जोयजे." लोक हसले. नाना डोकं न भादरताच निघून आले. तेव्हापासून दोन भावांत बोलणं नाही, येणंजाणं नाही, लग्नपत्रिकासुद्धा नाही.

या जानेवारीतल्या एका रविवारी मी पेपर घेऊन बसलो होतो. नानांचा उजवा गाल झाला होता, डावा पांढरा होता. आत अक्कांचा फोन वाजला. त्या वेळात फोन घेतला तरी त्या कुजबुजून बोलतात, पण त्या दिवशी कुजबुजही थांबली. त्या फोन तसाच हातात घेऊन बाहेर आल्या.

"आबानी सून शे. वैशाली."

आबांच्या सुनेचं नाव ऐकून नानांनी वस्तरा थांबवला, पण वळून पाहिलं नाही.

आबांना दीड महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली होती. आता घरी आणलं होतं. पण दाढीमिश्या वाढल्यामुळे नळीची पट्टी चिकटत नव्हती. दोनदा नळी निघून आली. न्हावी बोलावला, तर त्यानं पाणी लावल्याबरोबर आबांनी मान झटकली आणि हनुवटीखाली कापलं. त्यानंतर ते कोणाला जवळ येऊ देत नव्हते, चांगल्या हातानं मारत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्यापर्यंत चेहरा साफ करा, नाहीतर पुन्हा दवाखान्यात आणा, तिथे हात बांधून करू. हे ऐकून वैशालीनं नवऱ्याला न विचारता अक्कांना फोन लावला होता.

"हात बांधतील म्हने," अक्का म्हणाल्या.

नाना आरशात बघत राहिले. गालावरचा फेस सुकून त्याचे पापुद्रे व्हायला लागले. थर्मामीटरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग टॉवेलनं तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "सर, तुमच्या गाडीत पेट्रोल आहे का?"

मी म्हणालो, "नाना, डावा गाल राहिलाय."

"राहू द्या."

अक्कांनी पाणी उकळून मोठा थर्मास भरून दिला. नानांनी वाटी, ब्रश, नवीन पात्यांचं पाकीट आणि थर्मामीटर एका पिशवीत घातलं आणि ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. सोनगीर गेलं, नरडाणा गेलं. दर दहा मिनिटांनी ते थर्मासच्या झाकणाला हात लावून बघत. मी काच जराशी खाली केली, तर त्यांनी हात लांब करून ती वर करायची खूण केली.

तापीच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली काठावर दगड दिसत होते. ते उतरले नाहीत, काचेतूनच बघत राहिले.

"त्या दिवशी आबाला ताप होता, सर," ते म्हणाले. "दोन दिवसांपासून. कोणाला सांगत नव्हता. मी सकाळी त्याच्या पाठीला हात लावला तर चटका बसला. आणि तो न्हावी ते नदीचं पाणी..." मग ते त्यांच्या बोलीत म्हणाले, "पानी मी मन्हासाठे नही मांगेल व्हतं."

"पाणी आबांसाठी होतं, मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"बठ्ठ्यासमोर, सगळ्या भाऊबंदांत बोलला तो. लोक हसले. मग माझंबी डोकं फिरलं." मग थर्मासला हात लावून म्हणाले, "चला. पाणी निवेल."

वैशाली ओट्यावर वाट बघत होती. तिनं नानांना वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "काका, हे शेतातून यायच्या आत झालं तर बरं. मी यांना विचारलेलं नाही, आबा चिडले तर हे मला बोलतील." मग तिनं नानांचा अर्धा गाल पाहिला आणि मान खाली घातली.

आबा खाटेवर उशीला टेकून होते. नानांसारखंच नाक, नानांसारखेच कान, पण चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली आणि दाढीत सुकलेलं रक्त. नाना दारात दिसताच त्यांचा डावा हात गोधडीवर आवळला गेला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"आबा, मी शे. बारका."

भिंतीकडचं तोंड हललं नाही. नानांनी स्टुलावर सामान मांडलं, दुहेरी वाटीत थर्मासचं पाणी ओतलं, बूच लावलं आणि फेस घोटायला लागले. खोलीत तेवढाच आवाज होता. वैशालीनं खिडकी लावून घेतली. थर्मामीटर माझ्याकडे होता, मी तो वाटीत बुडवून धरला.

नाना ब्रश घेऊन वाकले तसा आबांचा हात वर आला, मूठ वळलेली. नानांनी तो हात धरला नाही, चुकवलाही नाही. वर आलेल्या त्या मुठीवरच, हाताच्या पाठीवर, त्यांनी ब्रश टेकवला आणि हळूहळू गोल फिरवला. पांढरा, वाफाळता फेस बोटांच्या पेरांत शिरला. आबांनी मान वळवून आधी हाताकडे पाहिलं, मग नानांकडे. त्यांची नजर नानांच्या अर्ध्या दाढीवर थांबली. ओठाचा चांगला कोपरा किंचित हलला. ते हसू होतं की काय, मला आजही सांगता येणार नाही. मूठ मात्र उलगडली.

"हालजो नको," नाना म्हणाले.

मग पाऊण तास दाढी चालली. नाना दोन बोटांएवढी जागा करत, थांबत, माझ्याकडे बघत. मी आकडा सांगायचा. त्रेचाळीस. बेचाळीस. एकेचाळीस म्हटलं की ते वस्तरा बाजूला ठेवून वाटीतलं पाणी बदलत. नळीच्या बाजूनं पातं नेताना त्यांनी श्वास धरला होता, माझाही धरला गेला. मग मान. न्हाव्यानं कापलेली जागा अजून लाल होती. तिच्यावर फेस लावून नानांनी पातं गळ्यावर टेकवलं आणि नेमका तेव्हाच आबांना खोकल्याची उबळ आली. सगळं अंग उसळलं. वैशालीनं पदर तोंडात धरला. मला वाटलं, संपलं.

नानांचा हात हवेत होता. खोकला घशात गुरगुरला तेव्हाच त्यांनी तो उचलला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं आबांची पाठ चोळली, उबळ जाईपर्यंत चोळत राहिले, मग पुन्हा फेस केला, पुन्हा वाकले आणि राहिलेला गळा साफ केला. एक थेंब रक्त आलं नाही. कोमट पाण्यानं तोंड पुसून वैशालीनं नळीची पट्टी चिकटवली. ती चपखल बसली.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि सामान आवरायला लागलो. नानांना म्हणालो, चला, बाहेर ओट्यावर बसू. ते हलले नाहीत. तेव्हा मला दिसलं की आबांच्या डाव्या हाताची बोटं नानांच्या शर्टाच्या टोकाला घट्ट धरून आहेत. कधीपासून, कोणास ठाऊक. आबांचे डोळे मिटलेले होते आणि श्वास हळूहळू लांब होत चालला होता.

वैशालीनं खुर्ची आणली. ती घ्यायची तर नानांना एक पाऊल मागे यावं लागलं असतं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"सर, तुम्ही जेवून घ्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मी उभाच बरा."

मी जेवून आलो, वैशालीचा नवरा शेतातून आला, दारात थबकला आणि परत ओट्यावर जाऊन बसला. नाना खाटेवर तसेच वाकून उभे होते, एक हात कमरेवर ठेवून, भावाची झोप मोडू नये म्हणून जपून श्वास घेत.