कासवांसाठी राखीव किनारा

एका जंगलाच्या कडेला समुद्र होता. जंगलाला समुद्र कसा, असं विचारू नका मुलांनो. विचारलंत तर मलाही शंका येईल.

त्या किनाऱ्यावर दरवर्षी कासविणी अंडी घालायला येत. कासवीण जिथे जन्मते तिथेच येऊन अंडी घालते, त्यांची रीतच तशी.

हे कळल्यावर सिंहमहाराजांचा ऊर भरून आला. त्यांनी किनारा कासवांसाठी राखीव केला. राखीव म्हटल्यावर तो बघायला प्राणी आले. प्राणी आले म्हणून सोयी आल्या. चालायला फरश्या. बसायला पायऱ्या. अस्वलांना पाय दाबून देणाऱ्या खुर्च्या. फोटोसाठी सिमेंटचं भलंमोठं हसरं कासव.

एका संध्याकाळी रेवा नावाची कासवीण पाण्यातून वर आली. पोटात शंभर अंडी, आणि खेप पहिलीच. आपल्याला जमेल ना, या घोरात ती महिनाभर नीट जेवली नव्हती.

फाटकाशी शिट्टी घेऊन वानर बसला होता.

"कुठे निघालात, मावशी?"

"अंडी घालायला. माझी जागा तिकडे, केवड्याच्या बेटाजवळ."

"तिथे आता पायऱ्या आहेत. तिथून कासवं छान दिसतात."

"मग त्याच्या शेजारी?"

"घसरगुंडी."

"तिच्याखाली वाळू असेल ना?"

"होती. पिल्लांच्या डोळ्यांत जायची. पालकांनी तक्रार केली, म्हणून रबर टाकलं."

रेवाला वाटलं, चूक आपलीच. बाकीच्या आया चौकशी करून निघतात.

"पण मला आता थांबता नाही येणार हो," ती म्हणाली.

वानर मनाने वाईट नव्हता. त्याने डोकं खाजवलं. "खेळायचा वाळूचा हौद आहे एक. पण तो पाच वर्षांखालच्यांसाठी."

"माझी तर अजून जन्मायचीत."

वानराने पाटी दोनदा वाचली. नियमात बसत होतं.

रेवा हौदात उतरली आणि खणू लागली. वीतभर खाली सिमेंट लागलं. तिने कोपरा बदलला. तिथेही सिमेंट. भोवती गर्दी जमली.

"बघ सोनू, मावशी किल्ला करतेय," हरिणी पाडसाला म्हणाली.

"ही खरी वाटत नाही. ते सिमेंटचं बघ, किती हसरं आहे," कोल्हा म्हणाला.

रेवा परत फिरली. समुद्रापर्यंत कशीबशी पोचली. अंडी तिने पाण्यातच सोडली. पाण्यात ती जगत नाहीत, हे तिला माहीत होतं.

पुढच्या वर्षी एकही कासवीण आली नाही. महाराजांना वाईट वाटलं. एवढं करूनही यांना किंमत नाही, असं ते म्हणाले. मग वानराला कासवाचा पोशाख शिवला. आता तो रोज पाच वाजता सरपटत येतो. वेळ पाळतो, त्यामुळे पालक खूश आहेत.

तात्पर्य: किनारा राखीव केला की आपलं काम संपलं. अंडी नीट घालणं ही ज्याच्या त्याच्या आईची जबाबदारी.