चार बोटं लांब

लिफ्टचं दार तिसऱ्यांदा पेशंटच्या गाडीच्या दांड्यावर आपटलं आणि पुन्हा उघडलं. गाडीवर भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर आडवे पडले होते. त्यांच्या डाव्या पायात रक्ताची गुठळी अडकली होती. "अकराच्या आत वर आणा, पाय वाचेल," असं सर्जननी बजावलं होतं. साडेदहा वाजले होते आणि ऑपरेशन थिएटर चौथ्या मजल्यावर होतं.

लिफ्टला समोरासमोर दोन दारं होती. दोन्ही मिटल्याशिवाय ती जागची हलत नसे. गाडी आत ढकलली की मागचं दार मिटेना आणि थोडी पुढे घेतली की पुढचं.

"बसायलाच पाहिजे," खरेदी विभागाचा कारकून कागद नाचवत म्हणाला. "नवी गाडी मी स्वतः मोजलीय. लिफ्टपेक्षा चार बोटं कमी भरली."

"तेव्हा कमी असेल. वाढतं वय आहे तिचं," गाडी ढकलणारे मामा म्हणाले.

"मामा, थट्टा कसली करताय?" मास्तरांची लेक ओरडली. "बाबांचा पाय निळा पडलाय. उचलून जिन्याने न्या ना!"

"पेशंट गाडीवरून उतरवायचा तर मोठ्या सिस्टरांची सही लागते, ताई. त्या राउंडला गेल्यात."

मास्तरांनी मान वळवली. "कशी मोजलीस, बाळ?"

"फरशीवर खडूने, सर. पुढच्या टोकाशी रेघ मारली. तेवढ्यात फोन आला. तो झाल्यावर मागच्या टोकाशी मारली."

"मधे मी ती जरा पुढे सरकवली," मामा म्हणाले. "वाटेत येत होती."

एवढ्या कळा येत असूनही मास्तरांना हसू आलं. "अरे, सरकत्या वस्तूची दोन्ही टोकं एकाच क्षणी धरायची असतात. तू एक आधी धरलंस, एक नंतर. म्हणून ती आखूड भरली."

"पण सर, पळणारी वस्तू खरंच आखूड होते म्हणतात. जोरात ढकलू का?"

"ढकल. प्रकाशाच्या जवळपास वेग आला, तर तुला गाडी आखूड दिसेल आणि दोन्ही दारं क्षणभर एकदम मिटलेली दिसतील. गाडीवरून मला मात्र लिफ्टच आखूड दिसेल आणि दारं एकदम नाही, एकामागून एक मिटतील."

"मग खरं कुणाचं?"

"दोघांचंही. पण पाय माझा आहे."

सही अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळाली. खुर्चीत बसवून चौघांनी मास्तरांना जिन्याने वर नेलं, तेव्हा साडेअकरा होत आले होते. सर्जननी पाय पाहिला, घड्याळ पाहिलं आणि ट्रेमधली हत्यारं बदलायला सांगितली.

पाचव्या दिवशी मास्तरांना खाली वॉर्डात हलवायचं ठरलं. त्यासाठी तीच गाडी चौघांनी जिन्याने वर चढवली. लिफ्टपाशी कारकून खाली मान घालून उभा होता. मास्तरांच्या डाव्या गुडघ्याखाली चादर सपाट पडली होती. तिच्याकडे बघून तो चाचरत म्हणाला, "सर, आता... आता बसेल बहुतेक."

मास्तरांनी त्याला हाताने जवळ बोलावलं. मग वर्गातल्या मागच्या बाकाला समजावावं तशा शांत आवाजात म्हणाले,

"आखूड मी झालोय, बाळ. गाडी तेवढीच आहे."