जगदेवकाकाचा खून

जगदेवराव सकाळी आठ वाजता वारले, पण दुपारी चारपर्यंत त्यांना कोणी सुखानं मेलेलं राहू दिलं नाही.

वैशाखातली सकाळ होती. ओसरीतल्या बाजेवर बसून त्यांनी चहाचे चार घोट घेतले. पाचव्याला कप हातातून सुटला आणि मान भिंतीला टेकली. सत्तरी उलटलेली, दिवाळीपासून दमा छाती सोडत नव्हता. म्हातारा यंदाचा पावसाळा बघत नाही, हे अख्ख्या जऊळका गावाला ठाऊक होतं. त्यांची बायको गोजराबाई चुलीपासून धावत आली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि हंबरडा फोडायला तोंड उघडलं.

"काकू, हात लावू नको! रडू बी नको!" पुतण्या ओरडला. "पुरावा बिघडते!"

हा पुतण्या म्हणजे इंद्रभान. मुंबईत एका वकिलाकडे शिपाई होता आणि चार दिवसांपूर्वीच रेल्वेनं सुट्टीवर आला होता. वकिलाच्या घरी टीव्ही होता. त्यावरची खुनाची नाटकं दाराशी बसून बघायची इंद्रभानला परवानगी होती, आणि तेवढ्यावर स्वारी डिटेक्टिव्ह झाली होती. चार दिवस पारावर दुसरं बोलणं नव्हतं. "नाटक म्हनू नका त्याले. एकदम खरं असते. साहेबाची टोपी खरी, जीप खरी, मढं बी खरंच वाटते!" अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आता घरातच मढं सापडल्यावर तो काय गप्प बसतो? त्यानं काकूचा रांगोळीचा डबा आणला आणि बाजेभोवती पांढरी रेघ ओढली. बांबू घेऊन आलेल्या माणसांना रेघेबाहेर उभं केलं. बाया गळा काढत आल्या, त्यांना दारातच अडवलं.

"काल संध्याकाळी तुमी कुठं होत्या?"

एकीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "मी कुठं असनार बाप्पा? गोवऱ्या थापून राह्यली होती."

"कोनी पाह्यलं?"

"म्हशीनं पाह्यलं!" बाई भडकली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सांडलेला चहा घरच्या कुत्र्यानं चाटला आणि ते बाजेखाली आडवं झालं. उन्हाळ्यात ते कुत्रं दिवसभर आडवंच असायचं, पण इंद्रभानला कोण सांगणार!

"पाहा! कुत्रं बी गेलं! च्यात इख होतं! हा खून हाय, खून!"

आणि हे तो कोणासमोर बोलला, तर गावचे पोलीस पाटील रामकिसन यांच्यासमोर. बिचारे तिरडी बांधायला आले होते. पण पोलीस पाटलाच्या कानावर चारचौघांत 'खून' पडला, की तो त्याला गिळता येत नाही.

"काहून बोलला बे हे?" रामकिसननी कपाळावर हात मारून घेतला. "आता मले चौकीत कळवाच लागते. आन् चौकीवाले म्हनतीन, मढं वाशिमले न्या, फाडाले."

ते ऐकून गोजराबाईच्या काळजाचं पाणी झालं. जगदेवराव वाघाला भ्याले नसते, पण सुईला भ्यायचे. लस टोचणारे गावात आले की हा माणूस दोन-दोन दिवस शेतातून घरी यायचा नाही.

"जित्तेपनी सुई लागू देल्ली नाही त्यायनं," ती रामकिसनच्या पाया पडली. "आता सुरी लावता का, भाऊ? दिवस बुडायच्या आत धडपनं जाऊ द्या त्यायले. मले दुसरं काही नाही पायजे."

रामकिसननी डोळे पुसले आणि कोतवालाला चौकीवर धाडलं. करतात काय?

गोजराबाई पुतण्याकडे वळली. "तू तरी सांग त्यायले, बाबू. का तिष्टत ठेवून राह्यला काकाले?"

इंद्रभाननं तिच्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "मुंबईत असंच असते, काकू. जाळायची घाई ज्याले, खुनी तोच. आन् नेहमी घरचाच मानूस असते."

पंचेचाळीस वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याचं प्रेत समोर, माश्या घोंघावताहेत, आणि हे ऐकायचं! गोजराबाई खांबाला टेकून बसली आणि बसूनच राहिली.

तीन वाजता दौलतसिंग जमादार घामाघूम होऊन सायकलवर आले. इंद्रभानचा चेहराच पडला.

"जीप नाही आनली, सायेब?"

"जीप सायबाले. मले सायकल, ते बी पंक्चर," जमादार म्हणाले आणि आधी तांब्याभर पाणी प्याले. "कोनं म्हतलं खून झाला?"

"म्या! तीनच सवाल असतात, सायेब. शेवटचं खायाले-प्याले कोनं देल्लं? तवा जवळ कोन होतं? आन् मेल्यावर फायदा कोनाचा? खुनी आपोआप सापडते."

"वा! बिनपगारी फौजदार भेटला." जमादारांनी पेन्सिल जिभेला लावली. "बोला बाई. च्या कोनं देल्ला?"

गोजराबाईनं पदर सावरला. "इंद्रभाननं. मुंबईचा मसाला टाकून, सोताच्या हातानं."

"जवळ कोन होतं?"

"मी चुलीपाशी होती. जवळ हाच."

"फायदा?"

"आमाले लेकरूबाळ नाही. सहा एकर वावर हाय. याच्याबिगर कोनाले जाईन?"

जमादारांनी वही मांडीवर ठेवली. "तुया टीव्हीत यापुढं काय करतात रे?"

इंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं. "हात... हातकड्या."

"पाटील, दोर आना. हातकड्या चौकीत राह्यल्या."

"सायेब, काकाले दमा होता!" इंद्रभाननं जमादारांचे पायच धरले. "दिवाळीपासून होता! रातभर खोकलून राह्यले होते! इचारा कोनाले बी! काकू, सांग ना वं!"

"आन् इख?"

"कायचं इख, सायेब! तोच च्या म्या बी पेल्लो!"

"आन् हे कुत्रं?" जमादारांनी बाजेखाली बुटाचं टोक लावलं. कुत्रं उठलं, आळस दिला आणि रांगोळी तुडवत उन्हात निघून गेलं.

जमादारांनी पंचनामा लिहिला. मृत्यू दम्यानं, कोणाचा कोणावर संशय नाही. खाली पहिली सही इंद्रभानची, तीही न वाचता.

"न्या बाई," वही मिटत जमादार म्हणाले. "दिवस हाय अजून."

तिरडी बांधून झाली. गोजराबाईनं निखाऱ्यांचं मडकं आणलं आणि इंद्रभानसमोर उभी राहिली.

"इंद्रभान, तुया टीव्हीत खुनी सापडला, का मंग मेलेल्याले कोन उचलते?"

त्यानं बराच विचार केला. "ते नाही दाखवत, काकू. मंग बातम्या लागतात."

"हे धर," ती म्हणाली आणि धुमसणारं मडकं त्याच्या हाती दिलं. "सांभाळून चाल. काकाले झटका नको बसू देऊ."

तो खाली मान घालून पुढे झाला आणि मागून चौघांनी जगदेवरावांना उचललं. तिरडी वळणाआड जाईपर्यंत गोजराबाई दारात उभी होती. मग ती ओसरीत आली आणि रेघ ओलांडून रिकाम्या बाजेवर बसली. आता तिला अडवायला कोणी नव्हतं. सकाळी आठ वाजता उघडलेलं तोंड तिनं आता पुन्हा उघडलं.